तळटीप: बेवारस अंत्यविधी आणि त्यांच्या नोंदी

१२. 'बेवारस म्हणून उचलले' : वारस न सापडलेल्या मृताचा पोलीस पंचनामा करतात आणि अंत्यविधी सरकारी खर्चाने होतो. बेवारस प्रेतांची व्यवस्था हे महापालिकेचे कायदेशीर कर्तव्य आहे. छत्रपती संभाजीनगरात (तेव्हाचे औरंगाबाद) महापालिका १९८२मध्ये आली, त्याआधी नगरपालिका होती. अशा पूर्वजाचा शोध थडग्यापासून नव्हे, नोंदवहीपासून सुरू करावा. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा, १९६९नुसार शुल्क भरून निबंधकाकडे शोध मागता येतो. मात्र उताऱ्यात मृत्यूचे कारण देत नाहीत. मृताची ओळखच पटली नसेल, तर पोलीस ठाण्यातली अकस्मात मृत्यूची नोंद पाहावी : अंदाजे वय, कपडे, गोंदण अशा खुणा पंचनाम्यात मिळू शकतात. वैद्यकीय महाविद्यालयाची चौकशीही विसरू नये. १९४९च्या शरीररचनाशास्त्र अधिनियमामुळे बेवारस देह अभ्यासासाठी देता येतो, आणि शहरातील 'घाटी' या सरकारी रुग्णालयाचे महाविद्यालय १९५६पासून आहे. १७ सप्टेंबर १९४८पूर्वी शहर निजामी राज्यात होते. त्या काळचे सरकारी दप्तर मुख्यतः उर्दूत असून त्यात फसली सन आढळतो. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन साधारण कळतो : १३५० फसली म्हणजे १९४०-४१. गरिबीत गेला म्हणून पूर्वजाला वंशावळीतून वगळणे हा अन्याय आहे. नाव सापडताच तारीख, ठिकाण आणि नोंद क्रमांकासह ते वंशावळीत लिहावे.
—संपादक