मेढा ते न्यूयॉर्क : हवाई अंतर व प्रवासकाळ

सातारा जिल्ह्यातील जावळी तालुक्याचे मुख्य ठिकाण मेढा (वेण्णाकाठी) आणि न्यूयॉर्कचा जॉन एफ. केनेडी विमानतळ यांमधील पृथ्वीच्या पृष्ठभागावरून मोजलेले सर्वांत कमी अंतर सुमारे 12,700 किमी. मुंबई विमानतळापासून तेच सुमारे 12,500 किमी. मेढा पूर्व रेखांश 73.8°च्या आसपास आहे, तर केनेडी विमानतळ जवळजवळ तितक्याच पश्चिम रेखांशावर. ग्रिनिचच्या दोन्ही बाजूंना ही ठिकाणे अशी समान अंशांवर आहेत.

भिंतीवरच्या नकाशात सरळ रेघ ओढली तर ती अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिकवरून जाते. त्या रेघेने मुंबईहून गेल्यास सुमारे 14,200 किमी पडतील. गोलावरचा खरा जवळचा मार्ग मुंबईहून उत्तर-वायव्येकडे निघतो, 65° उत्तर अक्षांशाच्या जवळ पोहोचतो आणि मग खाली उतरतो. अमेरिकेला जाणाऱ्या माणसाला खिडकीतून बर्फ दिसते ते यामुळेच. प्रत्यक्षात विमान या जवळच्या मार्गावरून तंतोतंत जात नाही. वारा, हवामान आणि कोणत्या देशाचे आकाश खुले आहे, यांवर मार्ग ठरतो. 2022 मध्ये रशियावरून उडणे थांबवल्यावर युनायटेड एअरलाइन्सने मुंबई ते न्यूयॉर्कजवळचे न्यूआर्क ही थेट सेवा थांबवली. एप्रिल 2025 पासून भारतीय विमानांना पाकिस्तानवरून उडता येत नसल्याने उत्तर भारतातून पश्चिमेकडे जाणाऱ्या फेऱ्यांना वळसा पडला.

थेट विमानाला जाताना साधारण पंधरा-सोळा तास लागतात, येताना चौदा-साडेचौदा. उंचावरचे वेगवान वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात; येताना ते पाठीशी असतात. तिकिटावरच्या वेळा मात्र दोन वेगळ्या घड्याळांच्या असतात. हिवाळ्यात न्यूयॉर्क भारताच्या साडेदहा तास मागे असते, उन्हाळ्यात साडेनऊ. जानेवारीत रात्री 2 वाजता मुंबईहून निघालेले विमान सोळा तासांनी उतरते तेव्हा तिथे त्याच दिवसाचे सकाळचे 7.30 वाजलेले असतात. मुलाला विमानतळावर पोहोचवून घरी परतणाऱ्या आईवडिलांनी हा हिशेब आधीच करून ठेवावा. फोनची वाट पाहण्याचे तास त्यावर ठरतात.

गावाकडून प्रवास मोजला तर त्यात रस्ताही धरला पाहिजे. मेढ्याहून कुडाळमार्गे पाचवडला महामार्ग लागतो; पुढे खंबाटकी, पुणे, बोरघाट करत मुंबई विमानतळ गाठायला सहा-सात तास जातात. आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी तीन तास आधी पोहोचावे लागते. म्हणजे विमान सुटण्यापूर्वीच नऊ-दहा तास खर्ची पडतात, आणि घरापासून न्यूयॉर्कच्या धावपट्टीपर्यंत चोवीस ते सव्वीस तास. कोणत्याही अंतरतक्त्यात हा आकडा मिळत नाही, आणि जावळीकरांना उपयोगी पडतो तो हाच. पुण्याचा लोहगाव विमानतळ जवळ खरा, पण तो हवाई दलाचा तळ असून धावपट्टी सुमारे अडीच किलोमीटरची आहे. पूर्ण इंधन भरलेले, अमेरिकेपर्यंत जाणारे मोठे विमान तेथून उडू शकत नाही.

मुंबईची न्यूयॉर्कशी नियमित विमानसेवा एअर इंडियाने 14 मे 1960 रोजी बोइंग 707 विमानाने सुरू केली; तेव्हा वाटेत लंडनला थांबावे लागे.