काटा दारात ठेवू नये

मंडळाच्या चिटणीसबाईंनी स्मरणिकेसाठी चार शब्द लिहून मागितले, तेव्हा ‘आपले मंडळ: काल आणि आज’ असा विषय त्यांच्या मनात असावा. पण माझ्या मनात गेली काही वर्षे एक वजनकाटा घर करून बसला आहे. तेव्हा त्याचाच इतिहास सांगते.

माझ्या मोठ्या जाऊबाई गुडघे दुखतात म्हणून एका दवाखान्यात गेल्या होत्या. काटा दारातच, बाकावर दहाबारा माणसे बसलेली. कंपाउंडरने मोठ्याने आकडा पुकारला, “ब्याण्णव!” कोणीतरी हसले. आत डॉक्टरांनी “खाणे कमी करा” एवढेच सांगून चिठ्ठी हातात दिली. जाऊबाई त्यानंतर सहा वर्षे कुठल्याही डॉक्टरांची पायरी चढल्या नाहीत. पायाची जखम भरेना तेव्हा गेल्या, आणि रक्तातली साखर किती वाढली आहे हे त्या दिवशी प्रथम कळले. पायाची दोन बोटे गेली.

स्थूल माणसाला आधी दोष द्यायचा आणि मग औषध, ही रीत फार जुनी. चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात ज्या आठ प्रकारच्या देहांना निंदित म्हटले आहे, त्यांत अतिस्थूल आहे. पण त्याच अध्यायात स्थौल्याची कारणे देताना खादाडपणा आणि आळस यांच्याबरोबर बीजस्वभावही सांगितला आहे. म्हणजे काहींना ही प्रकृती आईबापांकडून येते, हे त्या वैद्यांना ठाऊक होते. उपचारात जव, मूग, कुळीथ, ताक, मध आणि व्यायाम हे सारे आहे, तेही एकदम नव्हे, क्रमाक्रमाने वाढवायचे. जागरण आणि चिंताही त्या उपायांत आहेत! आता ही दोन औषधे तर आपण बायका जन्मभर घेतो. त्यांनी कोणी रोड झाल्याचे मी पाहिले नाही.

विलायतेत या विषयाला लोकांपुढे आणले ते एका अंत्यविधीचे सामान पुरवणाऱ्या गृहस्थाने. लंडनचे विल्यम बँटिंग १८६२ मध्ये पासष्टीच्या घरात होते; उंची पाच फूट पाच इंच आणि वजन २०२ पौंड. बुटाची नाडी बांधता येत नसे, गुडघ्यांवर भार येऊ नये म्हणून जिना उलटे उतरत. डॉक्टर पुष्कळ झाले. एकाने नाव वल्हवायला सांगितले. त्याने भूक अधिकच वाढली! रस्त्यात लोक टोमणे मारीत, म्हणून चारचौघांत जाणे ते टाळू लागले. शेवटी ऐकू कमी येते म्हणून ते विल्यम हार्वे नावाच्या कानाच्या डॉक्टरांकडे गेले. हार्वे यांनी पॅरिसला क्लॉद बर्नार यांची मधुमेहावरची व्याख्याने ऐकली होती. त्यांनी कानापेक्षा देहाकडे पाहिले आणि पाव, लोणी, दूध, साखर, बिअर व बटाटे बंद केले. वर्षभरात सुमारे ४६ पौंड उतरले. (जेवणाबरोबर मद्याला मोकळीक होती, तेवढे आपण सोडून देऊ.) बँटिंग यांनी १८६३ मध्ये स्वतःच्या खर्चाने पुस्तिका छापून फुकट वाटली. ती इतकी गाजली की इंग्रजीत पथ्य करण्याला त्यांच्याच नावावरून शब्द रूढ झाला. वैद्यकीय मंडळींनी मात्र हार्वे आणि बँटिंग दोघांचीही पुष्कळ टिंगल केली.

मला त्याहून जवळची वाटते ती न्यूयॉर्कची जीन नायडेच. वजन २१४ पौंड. १९६१ मध्ये ती शहराच्या आरोग्यखात्याच्या स्थूलतेच्या दवाखान्यात जाऊ लागली आणि दहा आठवड्यांत २० पौंड उतरले. पण आपण रात्री चोरून बिस्किटे खातो, हे तिथे सांगायची तिला लाज वाटे. तिने सहा मैत्रिणींना घरी बोलावून आधी ते त्यांना सांगितले. प्रत्येकीजवळ असे काही ना काही लपवलेले निघालेच! त्या बैठकी दर आठवड्याला होऊ लागल्या आणि १९६३ मध्ये त्यांतून ‘वेट वॉचर्स’ ही कंपनी उभी राहिली. पुढे तिचा मोठा व्यापार झाला, तो भाग निराळा.

२०११ मध्ये ‘लॅन्सेट’ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि जर्मनीतल्या घरच्या डॉक्टरांच्या ७७२ रोग्यांपैकी निम्म्यांना अशाच साप्ताहिक बैठकींना पाठवले, बाकीच्यांना दवाखान्यातलाच नेहमीचा सल्ला. वर्षाअखेर बैठकीवाल्यांचे सरासरी पाच किलो उतरले, इतरांचे सव्वादोन. मधेच सोडून जाणारे दोन्हीकडे पुष्कळ होते. २०१६ मध्ये इंग्लंडात १८८२ रोग्यांवर आणखी एक प्रयोग झाला. डॉक्टरांनी फक्त अर्धा मिनिट, सौम्य शब्दांत वजनाचा विषय काढायचा आणि बैठकीला तिथल्या तिथे नाव घालून द्यायचे. १८८२ जणांत हे बोलणे अनुचित आणि निरुपयोगी वाटलेले निघाले अवघे चार.

काट्यावरचा आकडाही सर्व सांगत नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी २००४ मध्ये आपलेच शरीर मोजून छापले. उंचीच्या मानाने वजन दोघांचे सारखे, निर्देशांक २२.३. पण युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२! आपल्याकडे म्हणूनच कंबरेचा घेर पाहतात. बायकांचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा असे भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये ठरवले. त्याला शिंप्याची टेप पुरते.

हे सारे मी जाऊबाईंना वाचून दाखवले. जीनची बिस्किटे ऐकून त्या खूप हसल्या, मग म्हणाल्या, “माझा शेंगदाण्याचा डबा देवघरात असतो, कुणाला सांगू नकोस.” आता त्यांच्याच परवानगीने लिहिते आहे. मंडळाचा काटा आम्ही दोघींनी मागच्या खोलीत हलवला आहे. गुरुवारी चार वाजता आम्ही तिथे असतो. दाराला आतून कडी आहे.