आत्मघाताचें निवारण आणि दूरध्वनी

मध्यरात्रीं बोइसरच्या कारखान्यांतील एखादा तरुण मजूर रुग्णालयाच्या अपघात-विभागांत आणला जातो. डॉक्टर त्याचे प्राण वाचवितात आणि चार दिवसांनीं तो आपल्या पायांनीं घरीं परततो. परंतु ज्या दुःखानें त्याला मृत्यूच्या दारापर्यंत नेलें, त्याची विचारपूस कोणी करावयाची? हा प्रश्न विचारण्याइतपत मोकळीक मिळावयास आमच्या देशाला दीड शतकाहून अधिक काळ लागला.

१८६० च्या दंडसंहितेनें आत्मघाताचा प्रयत्न हा गुन्हा ठरवून त्यास एक वर्षापर्यंतची कैद नेमिली होती. जो जगण्यास कंटाळला, त्यास तुरुंगाची भीती घालावयाची, हा न्याय विलक्षणच! १९९४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें हें कलम घटनाबाह्य ठरविलें. १९९६ सालीं मोठ्या पीठानें तो निर्णय फिरविला. अखेर २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें दृष्टि पालटली. असा मनुष्य तीव्र मानसिक ताणाखालीं होता असें गृहीत धरावें, त्यास शिक्षा करूं नये आणि त्याच्या शुश्रूषेचा भार सरकारनें घ्यावा, असें त्याच्या ११५ व्या कलमानें सांगितलें. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्यायसंहितेंत जुनें सरसकट कलम उरलें नाहीं.

शुश्रूषेचा मार्ग अनुभवानें सांपडला. सॅन फ्रान्सिस्को येथील मानसवैद्य जेरोम मोट्टो यांनीं पुढील उपचार नाकारणाऱ्या ८४३ रुग्णांपैकीं निम्म्यांना पांच वर्षेंपर्यंत ख्यालीखुशाली विचारणारीं साधीं पत्रें धाडलीं. पहिल्या दोन वर्षांत या लोकांमध्यें आत्मघात स्पष्टपणें कमी झाले. पुढें जागतिक आरोग्य संघटनेनें चेन्नईसह पांच ठिकाणीं अपघात-विभागांतील १,८६७ रुग्णांवर प्रयोग केला. निम्म्यांशीं घरीं जाण्यापूर्वीं तासभर बोलणें झालें व नंतर १८ महिन्यांत नऊ वेळां दूरध्वनीनें किंवा भेटीनें चौकशी झाली. २००८ सालीं निष्कर्ष निघाला, तो असा: नेहमीचे उपचार मिळालेल्यांत आत्मघातानें हजारीं सुमारें २२ मृत्यु, तर विचारपूस झालेल्यांत हजारीं २! औषधांहून स्वस्त असें हें औषध.

आतां पालघरकडे वळूं. १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाण्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा एकीकडे समुद्राला, दुसरीकडे जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांना भिडला आहे. तारापूरची अणुवीज १९६९ पासून मुंबईकडे धांवते. परंतु मानसवैद्याची वाट पाहणाऱ्यानें १९०१ च्या ठाण्याच्या मनोरुग्णालयाकडे जावें, तर मोखाड्याहून त्याचा दिवस प्रवासांतच संपावयाचा. हें अंतर तारेनें तोडतां येईल काय? १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली-मानस' ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, मराठींतही, विनामूल्य मिळते. खाटेपाशींच पडद्यावर तज्ज्ञाची गांठ घालून देणें ही त्यापुढची पायरी होय.

मात्र यंत्रावर सारा भार टाकून स्वस्थ बसणें बरें नव्हे. तार अंतर तोडते, भाषा तोडीत नाहीं. वारली बोलणाऱ्या बाईला किंवा भोजपुरी बोलणाऱ्या मजुराला आपल्या बोलींत रडावयाची सोय हवी. गजबजलेल्या दालनांत एक आडोसा हवा. सासू किंवा मुकादम बाजूला उभा असतां कोण मन मोकळें करील? रुग्णाला क्षणभरही एकटें न सोडणारी परिचारिका हवी. आणि घरीं गेल्यावर पुन्हां पुन्हां दार ठोठावणारी आशा सेविकाही हवी.

आपल्या घरांत कोणी जगण्याला विटल्याचें बोलला, तर 'भलतेंसलतें बोलूं नये' असें म्हणून त्याचें तोंड मिटवूं नये. त्याच्याजवळ बसावें, सरळ विचारावें, आणि तो क्रमांक स्वतः फिरवून द्यावा. कायद्यानें पोलीस बाजूला सारला आहे; त्या मोकळ्या जागीं आतां आपणच बसावयाचें आहे.