एकस्रोत संरक्षण-कंत्राटे, ब्रिटनमधील

स्पर्धात्मक निविदा न मागविता एकाच उत्पादकाशी केलेले युद्धसामग्रीच्या खरेदीचे करार. पाणबुडी, लढाऊ विमान किंवा क्षेपणास्त्र बनविण्याचे सामर्थ्य पुष्कळदा एकाच कंपनीजवळ असते. अशा वस्तूस बाजारभाव नसल्याने तिची किंमत परिव्ययावरून (उत्पादनखर्चावरून) ठरवावी लागते. खर्चावर शेकडेवारीने नफा दिल्यास खर्च वाढविण्यातच उत्पादकाचे हित असते. म्हणून किंमत निश्चित करून देण्याची पद्धत अधिक इष्ट मानली गेली. मात्र तिची सारी भिस्त शासकीय अंदाजांवर होती.

हे अंदाज किती चुकू शकतात, ते १९६४ मध्ये उघडकीस आले. ‘ब्लडहाउंड’ या विमानवेधी क्षेपणास्त्राच्या कंत्राटांत फेरांटी कंपनीस सु. ७० लक्ष पौंड खर्चावर सु. ५७.७ लक्ष पौंड, म्हणजे जवळजवळ ८२ टक्के नफा झाल्याचे नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी पार्लमेंटच्या निदर्शनास आणले. सर जॉन लँग यांच्या चौकशीतून त्याचे कारण स्पष्ट झाले. विमानवाहतूक मंत्रालयाचे तांत्रिक अधिकारी लागणाऱ्या मजुरीचा अंदाज करीत. अप्रत्यक्ष खर्चाचे मजुरीशी असलेले प्रमाण लेखापाल ठरवीत. मजुरीचा आकडा फुगला, की त्यावर आकारलेला अप्रत्यक्ष खर्चही आपोआप फुगे. दोन्ही शाखांनी आपले आकडे एकमेकांशी ताडून पाहिले असते, तर ही तफावत वेळीच लक्षात आली असती. कंपनीने ४२.५ लक्ष पौंड परत केले. तिच्या नफेखोरीवर बराच गदारोळ झाला. तथापि शासनाचे खर्चाविषयीचे अज्ञान ही बाब अधिक गंभीर होती. विमान-इंजिनांच्या दुरुस्तीबाबत ब्रिस्टल सिडली कंपनीचे असेच प्रकरण पुढे आले व १९६७ मध्ये तिनेही सु. ४० लक्ष पौंड परत केले.

१९६८ मध्ये शासन व उद्योजक यांच्यात समझोता होऊन नफ्याचे सूत्र, उभय पक्षांस समान माहिती आणि कामानंतरची परिव्यय-तपासणी ही तत्त्वे मान्य झाली. देखरेखीसाठी पुनर्विलोकन मंडळही नेमण्यात आले. मात्र या व्यवस्थेस कायद्याचे पाठबळ नव्हते व ती चार दशकांहून अधिक काळ तशीच चालली. लॉर्ड करी यांनी २०११ मध्ये तिचे परीक्षण करून नव्या चौकटीची शिफारस केली. तदनुसार २०१४ च्या संरक्षण सुधारणा अधिनियमाने ५० लक्ष पौंड व त्यांवरील पात्र कंत्राटांना वैधानिक नियम लागू केले. खर्च उचित, त्या कंत्राटाशी संबद्ध व वाजवी आहे, हे दाखविण्याची जबाबदारी कंत्राटदारावर आली आणि खर्चाचे अहवाल देणे बंधनकारक झाले. त्याच अधिनियमान्वये स्थापन झालेले स्वतंत्र नियामक कार्यालय मूळ नफादराची शिफारस करते व किंमतीविषयीचे वाद त्याच्याकडे निर्णयासाठी नेता येतात.