पाण्याचा ताळेबंद (गावपातळीवरील)

शिवारात पावसाने आलेले पाणी, त्यापैकी साठलेले व मुरलेले पाणी आणि गावाची वर्षभराची गरज यांचा मेळ घालून पिण्याचा व पिकांचा वाटा ग्रामसभेत ठरवण्याची पद्धत. तिला जल अंदाजपत्रक असेही म्हणतात. महाराष्ट्रात सह्याद्रीच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेचा पट्टा व मराठवाडा येथे तिचा विशेष उपयोग होतो. पावसाचे खंड लांबू लागले, थोड्या तासांत मोठा पाऊस पडू लागला आणि पेरणीचे जुने आडाखे चुकू लागले, तसे हवामानबदलाशी जुळवून घेण्याचे साधन म्हणून या पद्धतीचे महत्त्व वाढले.

पार्श्वभूमी : राज्याचा चार-पंचमांशाहून अधिक भाग बेसाल्ट खडकाचा आहे. या खडकात पाणी केवळ भेगांत व झिजलेल्या थरांत साठते. साठा तुटपुंजा असल्याने एकाने जास्त उपसा केला की शेजारच्या विहिरी लवकर आटतात. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे पाणीपंचायतीचा प्रयोग केला. त्यात पाण्याचा हक्क जमिनीच्या आकारावर न ठेवता माणशी अर्धा एकर व कुटुंबाला कमाल अडीच एकर भिजेल एवढा ठरवला गेला. भूमिहीनांनाही हक्क मिळाला आणि ऊस वर्ज्य झाला. नगर तालुक्यातील हिवरे बाजार येथे पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली आधी पाणलोटाची कामे झाली. सिंचनासाठी कूपनलिका घेण्यावर आणि ऊस, केळी यांसारख्या पिकांवर गावानेच बंदी घातली. पुढे २००४ च्या सुमारास तेथे दरवर्षी ताळेबंद मांडला जाऊ लागला.

पद्धत : गावातील पर्जन्यमापकाची नोंद रोज ठेवतात. निवडलेल्या निरीक्षण विहिरींत काठावरच्या ठरावीक खुणेपासून मोजपट्टी सोडून पाण्याची खोली घेतात. ऑक्टोबरमध्ये, पावसाळा सरल्यावर, जमा व खर्च हे आकडे फलकावर लिहून ग्रामसभेपुढे ठेवतात. पिण्याचे पाणी प्रथम, मग जनावरे आणि उरलेल्या पाण्यावर रब्बी असा क्रम असतो. पाऊस कमी झाला असेल, तर रब्बीचा पेरा घटवतात आणि उन्हाळी पीक टाळतात.

हिशेबाचे एकक हजार घनमीटर (टीसीएम) हे असते. १,००० हेक्टरांच्या शिवारावर ४०० मिमी. पाऊस पडला, तर एकूण आवक ४,००० टीसीएम होते. मात्र तिचा मोठा भाग बाष्पीभवनात व ओढ्यांवाटे निघून जातो. २,००० लोकवस्तीला माणशी रोज ५५ लिटरप्रमाणे वर्षाला सु. ४० टीसीएम पुरतात. पाटाने भिजवलेल्या एक हेक्टर उसाला २० टीसीएम किंवा त्याहून जास्त पाणी लागते. म्हणजे दोन हेक्टर ऊस साऱ्या गावाच्या वर्षभराच्या पिण्याच्या पाण्याएवढे पाणी घेतो. ही तुलना फलकावर दिसली की पाणीटंचाईच्या चर्चेत पीकपद्धतीचा प्रश्न टाळता येत नाही.

कायदा व योजना : महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ हा २०१४ मध्ये अंमलात आला. अधिसूचित क्षेत्रात उपशाचे नियमन व पीक नियोजन यांची तरतूद त्यात आहे. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात (२०१८) ताळेबंदासाठी मुंबईच्या आयआयटीचे साहाय्य घेतले गेले. केंद्राच्या अटल भूजल योजनेत (२०१९) ग्रामपंचायतीने लोकसहभागातून जलसुरक्षा आराखडा करणे अपेक्षित होते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा तांत्रिक मदत करते.

मर्यादा : मोजणी सोपी असते, पण ठराव पाळला जाणे अवघड. १८८२ च्या सुखाधिकार कायद्यानुसार जमिनीखालचे पाणी उपसण्याचा हक्क जमीनमालकाकडे जातो. त्यामुळे ग्रामसभेचा निर्णय बव्हंशी गावकीच्या वजनावर टिकतो. विहीर नसलेल्या कुटुंबांना पीकबंदीचा जाच नसतो, पण गावची विहीर कोरडी पडल्यावर टँकरची वाट त्यांनाच पाहावी लागते. पाणी भरण्याचे काम बहुतेक घरांत बायकांकडे असले, तरी सातबारा पुरुषांच्या नावे असल्याने उपशाच्या चर्चेत त्यांचा आवाज कमी पडतो. प्लॅस्टिकचे अस्तर घालून कूपनलिकेच्या पाण्याने भरलेली शेततळी हीही अडचण ठरते : भूजल वर आणून साठवल्याने त्यातले काही उन्हात उडून जाते आणि उरलेले एकाच्याच मालकीचे होते.

वॉटर कप स्पर्धेसारख्या (२०१६–१९) श्रमदानाच्या मोहिमांनी पाणी अडवण्याची कामे गावोगाव पोहोचवली. त्या कामांमुळे जमेची बाजू वाढते. मात्र वाढलेल्या पाण्याच्या भरवशावर बागायत वाढली, तर पुढच्या कमी पावसाच्या वर्षी टंचाई आधीपेक्षा तीव्र होऊ शकते. म्हणून पाणलोटाची कामे झालेल्या गावांतही दरवर्षी ताळेबंद मांडावा लागतो.