सव्वा महिना

आमच्याकडं बाळंतपण म्हणजे सव्वा महिना. नगर आणि बीड जिल्ह्यांची शिव जिथं लागते, त्या जामखेड-आष्टीच्या कोरडवाहू मुलखातली ही गोष्ट. सातव्या महिन्यात ओटी भरून लेक माहेरी यायची, ती बारसं उरकूनच परतायची. तिला घरातली अंधारी खोली, बाजेखाली शेगडी, शेगडीत ओवा-शेपांची धुरी. खायला बाजरीची भाकरी, मेथी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू. गरिबाघरी डिंक कुठला? तिथं शेजारणीच ओंजळभर गूळ, खोबऱ्याची वाटी पदराखाली झाकून आणायच्या. कुठल्या कागदावर लिहिलेलं नव्हतं, पण बाळंतिणीनं सव्वा महिना विहिरीवर जायचं नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक. त्यामागं विटाळ होता हेही खरं. पण त्या विटाळापायीच बाईला जरा पाठ टेकायला मिळायची.

बापाला मात्र त्या खोलीत थारा नव्हता. बाहेर ओसरीवर बिडी ओढत बसायचं, एवढंच त्याचं काम.

सुईण मातंगवाड्यातली. रात्री-अपरात्री बोलावलं तरी यायची, आडवं आलेलं मूल हातानं फिरवायची. गावातलं प्रत्येक पोर आधी तिच्या हातात पडलेलं, पण चहा तिला वेगळ्या कपात. बदल्यात सूपभर ज्वारी आणि जुनं लुगडं. तिच्या हातांना सगळं कळत होतं, फक्त नाळ कापायला घरात असेल तो विळा, असेल ती पात. त्या जखमेतून धनुर्वात शिरायचा. चार-सहा दिवसांनी बाळ अंगावर घेईना, जबडा बसायचा, अंग ताठ व्हायचं. पाचवीच्या रात्री सटवाई नशीब लिहायला येते म्हणून बाया दिवा लावून जागायच्या. मला वाटतं, ते जागणं भीतीचंच होतं. कारण बाळं जायची ती त्याच दिवसांत. माझ्या आईची दोन अशीच गेली. सटवाईनं नेली म्हणाले.

दुसरी एक रीत मला शेतकरी म्हणून कधी उमगली नाही. गाय व्याली की वासराला आधी चीक पाजायचा, नाहीतर ते जगत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. आणि बाईचा पहिला चीक मात्र पिळून टाकायचा, बाळाला गुळाचं पाणी चाटवायचं!

1972 चा दुष्काळ पडला आणि सगळी घडीच विस्कटली. पोटुशा बायाही खडी फोडायला गेल्या. मिलोची भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी, त्यावर दिवस काढले. माहेरच उपाशी, तिथं माहेरपण कोण करणार?

त्याच्या दोनच वर्षं आधी, 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे नवरा-बायको जामखेडला आले होते. नुसता दवाखाना काढून ते बसले नाहीत. गावोगावच्या बाया त्यांनी निवडल्या. कित्येक अंगठाबहाद्दर, कित्येक दलित. त्या जामखेडला जाऊन शिकायच्या आणि परत येऊन आपल्याच गावात सांगायच्या. साबणानं हात धुवा, पात नवी घ्या, चीक टाकू नका. माझ्या मावशीच्या गावात अशी एक होती. म्हाताऱ्या आधी फिसकारल्या, "हिला काय कळतंय?" पण तिच्या हातची बाळं पाचवी ओलांडू लागली, तशा गप झाल्या. ज्यांच्या कपाची दांडी वेगळी, त्यांनाच घरात बोलवायची पाळी आली. मला त्या कामातलं हे सगळ्यात मोठं वाटतं.

पुढं गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 39 गावांत गावातल्याच बायांना घरोघर जाऊन नवजात बाळ तपासायला शिकवलं. हजारी 62 बाळं महिन्याच्या आत जात होती, तिथं तिसऱ्या वर्षी आकडा 25 च्या आसपास आला. आज आशाताई करते ते त्याच वाटेवरचं. आशाची योजना 2005 ची. दवाखान्यात बाळंत झालेल्या घरी तिनं सहा वेळा जायचं: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. बेचाळीस! म्हणजे आमचा सव्वा महिना आणि वर चार दिवस. धनुर्वाताची सुई गरोदरपणीच मिळू लागली. 2015 साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातून बाळाचा धनुर्वात हटल्याची नोंद केली. आईला ते बघायला मिळालं नाही.

हे सगळं गावात राहणाऱ्या बाईला. दिवाळी झाली की आमच्या भागातून ऊसतोडीचे ट्रॅक्टर निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल दोघांवर मिळून. बाई बसली की खाडा, खाड्याचे पैसे उचलीतून जातात. गिरणी-कारखान्यातल्या बाईला बाळंतपणाचा भत्ता देणारा देशातला पहिला कायदा मुंबई इलाख्यातच झाला, 1929 साली. त्याच्या आदल्या वर्षी कौन्सिलात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूनं बोलले होते. पण साखर कारखान्याला ऊस घालणारी बाई मुकादमाच्या टोळीतली, तिचं नाव कारखान्याच्या पटावर नाही. कोपीत बाळंत होते, तिथं ना माहेर, ना ओळखीची आशाताई. बाप तेवढा जवळ असतो. पाणी तापवतो, भाकरी थापतो आणि पहाटे एकटा फडात जातो.

गेल्या हंगामात आमच्या गावची एक पोर आठव्या महिन्यात गेली. आशाताईनं तिच्या कार्डावर स्वतःचा फोन नंबर ठळक लिहून दिला. पोर तिकडं बाळंत झाली आणि आठवडा झाला नाही तोच नवऱ्याचा फोन आला, "मुकादम म्हणतोय, फडावर आण. काय करू?" ताईनं मुकादमालाच फोनवर घेतलं. काय बोलली ते तिनं सांगितलं नाही. टोळीतल्या चार बायांनी मग रोज त्या पोरीच्या वाटच्या मोळ्या बांधल्या. सव्वा महिना काही जमला नाही, 28 दिवस निघाले.