कोमांदारिया : एका गोडव्याची आठवण

मिस्सेचा द्राक्षारस बहुधा गोड असतो, हे आम्हां ख्रिस्ती लोकांच्या परिचयाचे. परंतु एके काळी युरोपच्या राजांच्या पंगतीतही गोड द्राक्षारसालाच मानाचे पान होते, हे आज फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही. सायप्रस बेटावरील कोमांदारिया त्या वैभवाची साक्ष देतो.

ट्रूडोस पर्वताच्या दक्षिण उतारावरील काळी व पांढरी द्राक्षे खुडून उन्हात वाळत घालतात. पाणी आटते, साखर दाटते. मग रस काढून आंबवतात आणि किमान दोन वर्षे ओकच्या पिंपांत मुरू देतात. सेंट जॉनच्या धर्मयोद्ध्यांना १२१० साली कोलोसी येथे जहागीर मिळाली. अशा ठाण्याला ‘कोमांदेरी’ म्हणत. तेच नाव पुढे द्राक्षारसाला लाभले. १२२४ च्या सुमारास आंरी दांदेली या फ्रेंच कवीने द्राक्षारसांच्या लढाईवर काव्य रचले. त्यात राजा सायप्रसच्या द्राक्षारसाला चक्क पोपपद बहाल करतो!

त्या काळी साखर दुर्मीळ होती आणि असा दाट, गोड द्राक्षारस लांबच्या प्रवासातही टिके. पुढे ऊस व बीट यांची साखर घरोघरी पोहोचली. विसाव्या शतकात जाणकारांची पसंती कोरड्या द्राक्षारसाकडे वळली आणि ‘गोड’ म्हणजे ‘हलके’ असा समज रूढ झाला.

आज चौदा गावांपुरतेच हे नाव कायद्याने राखलेले आहे. आम्हांला हळहळ वाटते ती केवळ एका पेयासाठी नव्हे. गोडवा हा ऊन, श्रम आणि प्रतीक्षा यांतून मिळवायचा असतो, ही जाणीवच आपण गमावली आहे.